न झालेल्या मिटिंगची सही

सन १९९८. मला चोपन्नावं चालू होतं. शिक्षण तिसरीपर्यंत, पण आमच्या बियाण्याच्या कंपनीचा मी संचालक होतो, अन् ते मी आजही ताठ मानेनं सांगतो. चार गावच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी. संचालक पाच. चेअरमन माझे व्याही; थोरली लेक त्यांच्याच घरात दिलेली.

आमच्यात रीत अशी पडली होती की मिटिंग कागदावरच व्हायची. ठरावाचं रजिस्टर घेऊन मॅनेजर मोटरसायकलवर घरोघर फिरायचा. ज्याच्या दारात जाईल तो चहा पाजायचा अन् सही ठोकायचा. दोन वर्षं मीही ठोकल्या, खोटं कशाला बोलू.

त्या मे महिन्यात तो माझ्या बांधावर आला.

"आप्पा, इथं एक सही."

"आधी वाच."

"वाचायचं काय त्यात? नेहमीचंच हाय."

"मंग नेहमीचंच वाच."

त्यानं वाचलं. मंगळवारी मिटिंग झाली, पाचही संचालक हजर होते, अन् गोदामात पडलेलं सोयाबीन नव्या पिशव्यांत भरून बियाणं म्हणून विकायचं सर्वानुमते ठरलं. मंगळवारी मी परतूरला बैल बघायला गेल्तो. अन् त्या सोयाबीनवरून एक उन्हाळा जाऊन हा दुसरा चालला होता. असलं बी रानात कुजतं, हे आमच्याकडं लेकराला ठाऊक.

सही दिली न्हाई. म्हणलं, मिटिंग घ्या, तिथं बोलतो.

दुसऱ्या दिवशी व्याही स्वतः ओसरीवर येऊन बसले.

"इवाई, वकील कवापासून झालात?"

"वकील न्हाई, संचालक हाय."

"संचालकानं मान हलवायची. काम मॅनेजर बघतो."

"मान हलवायला नंदीबैल होता की. मला कशाला निवडलं?"

ते हसले न्हाईत. हळूच म्हणाले, "तुमची लेक आमच्या घरात हाय, एवढं ध्यानात असू द्या."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मी म्हणलं, "तिला नीट ठेवणं ही तुमच्या घराची अब्रू. कंपनी मात्र ना तुमच्या घरची, ना माझ्या."

गोदामातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. सहाव्या दिवशी मिटिंग लागली, तवा ते गोणपाट तसंच नेलं अन् टेबलावर उलगडलं. आमच्यातले एक संचालक रिटायर मास्तर. त्यांनी चष्मा लावून कोंब आलेले दाणे वेचले. भरले चाळीस; बियाणं म्हणायचं तर शंभरात सत्तर तरी उगवाया पायजेत.

मॅनेजर म्हणाला, "दुकानदार कुठं उगवून बघतो?"

"शेतकरी बघतो," मी म्हणलं. "पिशवीवर कंपनीचं नाव, अन् कंपनी म्हंजी हे पाच जण. दुबार पेरणी आली तर तो तुझ्या दारात येणार का आमच्या?"

मास्तरांनी माझ्या बाजूनं हात वर केला. मंग आणखी एकानं. तिघं झालो. व्याह्यांनी खाली बघतच मॅनेजरला सांगितलं, "लिही, ठराव नामंजूर."

तवा मॅनेजर पुटपुटला, एक ट्रक माल आधीच शहागडच्या दुकानदाराकडं गेलाय.

"आता?" व्याही म्हणाले.

"आता वापस आणायचा."

"कोण जाणार तोंड दाखवायला?"

"मी जातो."

त्या साली पंचमीला लेकीला माहेरी धाडलं न्हाई. तिच्या आईनं डोळ्याला पदर लावला, माझ्याशी महिनाभर धड बोलली न्हाई. पण आमच्या पिशवीतलं बी उगवलं न्हाई म्हणून त्या पावसाळ्यात एकही शेतकरी कंपनीच्या पायरीवर आला न्हाई. सहीचं सांगायचं तर, आजही देणार न्हाई.

मिटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रकमधी ड्रायव्हरच्या शेजारी बसून शहागडला गेलो. दुकानदाराला म्हणलं, "माल खराब हाय, चूक आमची." अन् हमाल यायच्या आधी पहिली पिशवी मीच पाठीवर घेतली.