खुर्द्यालाही नाव असतं

तो आवाज मीही ऐकला होता. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या शाळेत मी सातवीला इंग्रजी शिकवत होते. धाडकन आवाज झाला, खिडकीच्या काचा थरथरल्या, पोरं दचकली. मी म्हटलं, गप बसा, देवळालीला तोफांचा सराव चालू असेल. नाशकात वाढलेलं कोणीही हेच म्हणालं असतं. मी फळ्यावरचं वाक्य पुरं केलं, पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. मधल्या सुट्टीत वहिनीचा फोन आला. अंबडच्या ज्या कारखान्यात माझा मामेभाऊ प्रशांत, वहिनीचा नवरा, सुपरवायझर होता, तिथला बॉयलर फुटला होता, आणि प्रशांत बॉयलरपाशीच उभा होता... देवळालीला त्या दिवशी सराव नव्हताच.

विहितगावला मामाच्या घरी आम्ही दोघं त्या तोफांच्या आवाजातच वाढलो. मी मोठी, म्हणून मी ताई, तो पशा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तोफ वाजली की आम्ही गच्चीवर पळायचो आणि कोणत्या राजाची फौज आली ते ठरवायचो. मोठेपणी लोक असले खेळ सोडतात. आम्हाला मात्र जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांचं वेड लागलं... सुरुवातीला नकाशा, मग राजघराण्यांच्या वंशावळी, उडते राक्षस, शापित तलवारी, आणि सातशे पानांनंतर एकदाची लढाई. पुस्तकं मी विकत घ्यायची, आधी मी वाचायची आणि मग ती पशाकडे जायची. घरचे म्हणायचे, दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, पण अक्कल काही आली नाही. खरंच होतं ते.

लढाई आली की आमचं वाजायचं. मला ती हवी असायची. पहाटेच्या वेळी डोंगरामागून शिंग वाजतं, मदतीची फौज उतारावरून सुसाटत येते, तिथे माझ्या अंगावर काटा यायचा आणि हातातला चहा गार व्हायचा. पशा फोन करून विचारायचा, इतका वेळ कुठे होते म्हणे हे? डबा खात होते? चारशे पानं तयारी करून लेखक ऐन लढाईत नायकाला डोक्यात दगड घालून बेशुद्ध पाडतो आणि शुद्धीवर येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं, असं झालं की त्याचा जीव जळायचा. डावी फळी कुठली, उजवी कुठली, काही कळत नाही म्हणून तो ताटात भाताचे ढीग मांडून बघायचा आणि वहिनीच्या शिव्या खायचा. पण खरं सांगायचं तर लढाई त्यालाही चढायची. एकदा सातपूरच्या बसथांब्यावरून त्याने फोनवर बोंब ठोकली, "ताई, पूल पाडला गं!" थांब्यावरची माणसं घाबरून विचारायला लागली, कुठला, होळकर पूल? ही गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगायचा आणि दरवेळी गर्दी थोडी वाढवायचा.

आमचं खरं भांडण एका शब्दावरून झालं. कुठल्याशा लढाईबद्दल मी उत्साहात म्हणून गेले, शत्रूच्या फौजेचा नुसता खुर्दा उडाला.  त्यावर तो म्हणाला, "ताई, खुर्दा म्हणजे चिल्लर. आणि चिल्लर म्हणजे तू नि मी. राजाचा खुर्दा उडालेला कधी ऐकलायस?" मी म्हटलं, मेल्या, गोष्ट आहे ती, गोष्टीसारखी वाच. ऐकतोय कसला! त्या दिवसापासून त्याने पेन्सिल हातात घेतली. पुस्तकात 'एक भालाईत कोसळला' असं आलं की शेजारच्या मोकळ्या जागेत तो त्या भालाइताला नाव द्यायचा. बाळू. रमजान. कंडक्टर भामरे. 'घोड्यांचे दोन मोतद्दार आगीत सापडले' असं आलं की आणखी दोन नावं. माझी नवीकोरी पुस्तकं, आणि हा शहाणा त्यांवर नावं लिहीत बसणार! त्याचा नियमही ठरलेला होता. मेलेल्याला नाव सुचेपर्यंत पान उलटायचं नाही. त्यामुळे एकेक लढाई त्याला महिनाभर पुरायची आणि मी पुढच्या भागासाठी तडफडत बसायचे.

एकदा तटावर लढून मेलेल्या एका बिननावाच्या बाईला त्याने माझं नाव दिलं. मला इतका राग आला की बरेच दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. शेवटी तो घरी आला, ओट्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, मेलीस ते खरं, पण तू नसतीस तर तो तट तासभरही टिकला नसता. मला हसू आलं... तेव्हा आलं. आता ते पान मला उघडवत नाही. आणि 'मेल्या' हा शब्दही तोंडातून निघत नाही.

बॉयलर फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. बॉयलरच्या स्फोटात सुपरवायझर प्रशांत शेवाळे यांच्यासह अन्य तीन कामगार ठार. घटनास्थळी भेट देऊन हळहळ व्यक्त करणाऱ्या पुढाऱ्यांची नावं मात्र एकही न चुकता, पदांसकट. दहाव्याला रामकुंडावर जो तो मला सांगत होता, आपल्या प्रशांतचं नाव आलं हो पेपरात. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. हे त्याने वाचलं असतं तर पहिला प्रश्न विचारला असता, अन्य तीन कोण? या पुरवणीने मला प्रशांतबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी ठरवलं, त्या तिघांची नावं हाती आल्याशिवाय लिहायला बसायचं नाही.

दोन नावं मिळाली. दोघेही सुरगाण्याकडचे, भाताची कामं उरकली की ठेकेदाराबरोबर इकडे यायचे. एक सोमनाथ गावित. दुसऱ्याच्या गावी मी वहिनीला घेऊन गेले. कारखान्यातले त्याला यश्या म्हणायचे, म्हणून मीही तेच नाव विचारत गेले. म्हातारा बाप अंगणात बसला होता. त्याने बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. निघताना म्हणाला, "बाई, पेपरात यश्या नका लिहू. यशवंत नाव हाय त्याचं. यशवंत भोये." वहिनी इतके दिवस रडली नव्हती. तिथे रडली.

तिसरा मात्र सापडत नाही, म्हणून शेवटी त्याच्या नावावाचूनच लिहायला बसलेय. सगळे त्याला 'मनमाड' म्हणायचे, मनमाडहून आला म्हणून. ए मनमाड, पाना दे. ए मनमाड, चहा सांग. पोलिसांकडे एक नाव आहे, पण ते ज्याच्या गेटपासवर तो कामाला यायचा त्या माणसाचं. तो माणूस जिवंत आहे आणि भीतीने फोन बंद करून बसलाय. ठेकेदार म्हणतो, बघून सांगतो. न्यायला कोणीच आलं नाही, तेव्हा शेवटी सरकारी खर्चानेच त्याचं सगळं उरकलं. मनमाडला माझी एक मैत्रीण राहते, तिने स्टेशनाबाहेरच्या टपऱ्यांवर चौकशी केली. पण असा घरातून गेलेला एक पोरगा थोडाच असतो तिथे... चौकशीला आलेल्या बाईला लोक उलट विचारतात, ताई, नाव काय त्याचं?

प्रशांतकडे असलेलं माझं शेवटचं पुस्तक वहिनीने परत दिलं. वेढ्याचा प्रसंग अर्धा झालाय. पेन्सिलीची नावं डाव्या पानावर संपतात, उजव्या पानाचा समास कोरा आहे. पुढे काय होतं ते मला माहीत आहे. डोंगरामागून शिंग वाजतं, मदत येते. कधी नव्हे ते मला ते वाचावंसं वाटत नाही. पेपरातलं कात्रण मी त्या उजव्या पानावर चिकटवलंय आणि त्याच्या पेन्सिलीने बाजूला लिहिलंय... प्रशांत शेवाळे. सोमनाथ गावित. यशवंत भोये. त्याखाली एक ओळ मोकळी सोडलीय. पुस्तक माझ्या टेबलावर तसंच उघडं आहे. साफसफाई करताना मुलगी विचारते, मिटून ठेवू का? मी नको म्हणते. नियम त्याचा आहे, मोडायचा कोणी? अजून पान उलटलेलं नाही.