वेणूबाईंचं नाक आणि आळीचा मसाला

मोरिवलीत माझ्या सासूच्या, वेणूबाईंच्या, नाकाचा शब्द शेवटचा. उन्हाळ्यात आळीतल्या बायका मिळून वर्षाचा मसाला करतात. कढईतले धणे कधी उतरवायचे, हे फक्त त्याच सांगायच्या. मी हुंगायला वाकले की म्हणायच्या, "कीर्ती, तू नुसतं परतत ऱ्हा गो."

गेल्या वर्षी त्या अचानक घरामागच्या केमिकल कंपनीचं कौतुक करायला लागल्या. "सुधारले बाबा! फिल्टर बसवला असंल. आता वास म्हणून येत नाय." मी नाकाला ओढणी लावून ऐकत होते. म्हटलं, म्हातारी मला मुद्दाम चिडवतेय.

मग मसाल्याच्या दिवशी धणे करपले. घरभर वास सुटला, तरी बाई ढिम्म. शेजारच्या कुंदाकाकी ओरडल्या, "अगं वेणू, जळलं की सगळं!" सासूबाईंनी काळी कढई पाहिली आणि उठून आत गेल्या. रडत होत्या. "आता मी कढईजवळ येनार नाय," म्हणाल्या. मसाल्याशिवाय या बाईचा उन्हाळा जायचा कसा?

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी समजावलं. नाकातला वास मेंदूपर्यंत जातो तो एका नसेने दुसरीला दिलेल्या निरोपातून, आणि हे निरोप रसायनं पोचवतात. वय झालं की ते क्षीण होतात. कधी ही कंपवाताची सुरुवातही असते, म्हणून तपासलं. सुदैवाने तसं काही निघालं नाही. "लवंग, लिंबू असं रोज सकाळ-संध्याकाळ मन लावून हुंगा. थोडं परत येईल, सगळं येईलच असं नाही."

"काय पोरखेळ लावलाय!" म्हणत त्या हुंगायच्या. नाही हुंगलं तर चहा नाही, असा मी दमच दिला होता. दिवाळीनंतर लवंग कळायला लागली. धणे मात्र नाहीतच.

या मे महिन्यात मी त्यांना हाताला धरून कढईपाशी बसवलं. धणे तापले. मी विचारलं, "आई, उतरवू?"

"मना काय विचारते? तुझं नाक कुठं गेलं?"

मी वाकले. हुंगलं, थांबले, पुन्हा हुंगलं. "उतरवा!"

सासूबाईंनी एक धणा दाताखाली फोडला. सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांनी तो सावकाश चावून गिळला.

कुंदाकाकींनी सवयीने त्यांनाच विचारलं, "वेणू, आता मिरच्या टाकू का?"

"कीर्तीला विचार," सासूबाई म्हणाल्या.