हौदातलं आखात

सोलापुरात बसून समुद्राचा अभ्यास करणारा माणूस म्हणजे गल्लीची फुकटची करमणूक. "मास्तर, हितं नळाला पाणी न्हाई, आन् तुमी समुद्र कशानं भरताय?" असं रोज कुणीतरी विचारायचंच. मी भडकायचो, आणि मी भडकलो की ते लोक आणखी खूश.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि पीएच.डी.ला विषय घेतला होता इराणच्या आखातातले लहान प्रवाह आणि भोवरे. चहूकडून जमीन, बाहेर पडायला एकच अरुंद तोंड. अशा कोंडलेल्या समुद्रात पाणी कुठं वळतं, कुठं गरगरतं, ते मला बघायचं होतं. हे आखात निवडलं ते दाजींमुळे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. गिरणीतली फिटरची नोकरी सोडून ते मालवाहू जहाजावर गेले होते, आणि त्या आखाताच्या पाण्याची खोली दाखवणारा नकाशा त्यांनीच मला आणून दिला होता.

मुंबईला जाऊन संगणकावर गणितं करून घ्यायला माझ्याकडे वशिला नव्हता. म्हणून शेजारच्या तेलुगू विणकरांचा बंद पडलेला रंगाचा हौद मागून घेतला. तळाशी वाळू-सिमेंटचं आखात केलं. तोंडाशी एक फळी, जुन्या मागाच्या दांड्याला बांधलेली; दांडा पायानं दाबला की भरती, सोडला की ओहोटी. वाऱ्यासाठी टेबलफॅन. प्रवाह दिसावा म्हणून चादरींचा लाल रंग. हौदाला खाली रंगपाणी सोडायचं भोक होतं. विणकर त्यात टाकाऊ सुताचा बोळा ठोकतात, तो भिजून फुगला की घट्ट बसतो. मीही तसाच ठोकला, वर वाळू पसरली आणि विसरून गेलो. संध्याकाळी पाणी बोटभर उतरलेलं दिसायचं. सोलापूरचं ऊन ते, वाफ होणार नाहीतर काय! मी निमूटपणे बादल्या ओतायचो.

आणि मग तार आली. दाजी आखातात जहाजावरून पडले होते, शोध लागला नव्हता.

आक्का माहेरी आली ती मंगळसूत्र घट्ट मुठीत धरूनच. आम्ही लिंगायत, आमच्यात मेलेल्याला पुरतात; सासरचे म्हणत होते, मठातल्या स्वामींना बोलावून विधी उरकू. ही ऐकेना. "माती द्यायला तितं हाय काय? कुटंतरी किनाऱ्याला लागले असतील की!" घरात रोज तेच भांडण, रोज रडारड.

एका दुपारी ती हौदापाशी आली. हातात बाटलीचं बूच, त्याला दाजींच्या खाकी सदऱ्याची चिंधी गुंडाळलेली.

"तम्मा," कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं ती मला म्हणायची, "ह्यांना सोड ह्यात. किनाऱ्याला लागले तर मी वाट बघते. न्हाई लागले तर बोलवा स्वामींना."

"आक्का, खुळी झालीस काय? हौद आहे हा!"

"मग तू वरीसभर काय करतोस ह्याच्यात?"

तारेत जहाजाची जागा दिली होती, तिथं मी बूच सोडलं.

ते किनाऱ्याकडे निघालं, मध्येच वळलं आणि एका जागी गोल फिरू लागलं. दुसरीकडून सोडलं, तरी तिथंच आलं. माझ्या गणितात त्या जागी भोवरा नव्हता. मी फॅन बंद केला, दांड्यावरचा पाय काढला. पाणी थांबलं. बूच फिरतच राहिलं, सावकाश, चिंधीचं टोक दर फेऱ्यात आक्काकडे वळवत. भर उन्हात माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्यानंतर ती तिथनं हलेचना. जेवायला हाक मारली तर म्हणायची, "थांब, ते येतायत फिरून." शेजारच्या बायकांनी त्या अंगणात सूत वाळवणं सोडलं. एकदा मी कॉलेजातून आलो तर ती कानडीत बोलत होती. जेवलात का, गार लागतंय का. विचारायची आणि थांबायची, उत्तराला लागेल तेवढंच थांबायची, मग मान हलवायची. भुताखेतांची टर उडवणारा मी, दाराआड श्वास धरून ते उत्तर ऐकू येतंय का बघत होतो. लई भ्यालो होतो, खोटं कशाला बोलू?

शेवटी एक दिवस ती उठली. "ते तितंच हायत. सुटायचे न्हाईत," म्हणाली आणि मंगळसूत्र काढून आईच्या हातात दिलं. स्वामी आले. देहाच्या जागी दाजींचे कपडे मातीत ठेवले. त्यानंतर आक्का पोटभर जेवली, गाढ झोपली. आम्हाला हायसं वाटलं.

मे महिन्यात मी हौदामागच्या बोळातून चाललो होतो. सगळी गल्ली करपलेली, आणि हौदाच्या भिंतीलगत मात्र हिरवंगार, ओलं गवत. मी वाकून भिंतीबुडची माती चाचपली. ऊन नव्हतं पाणी पीत! भोकातला सुताचा बोळा कुजला होता. पाणी भोकातून हळूहळू खाली ओढलं जात होतं, आणि बूच फिरत होतं ते नेमकं त्या भोकाच्या वर.

हौद उपसला, भोक सिमेंटनं बुजवलं, पाणी भरलं. अभ्यासाचं वर्ष वाया गेलं म्हणून स्वतःला शिव्या देत मी पुन्हा जहाजाच्या जागी बूच सोडलं आणि दांडा दाबू लागलो. ते भोवऱ्याच्या जागी थबकलं देखील नाही. सरळ गेलं आणि वाळूला टेकलं.

मागं कपबशी वाजली. आक्का चहा घेऊन उभी होती.

"आक्का, ऐक, भोक गळत होतं. आणि ह्याचाही काही भरवसा नाही, हा नुसता हौद आहे…"

तिनं चहा कठड्यावर ठेवला, वाळूवरचं बूच उचललं, चिंधी पिळली. तिचा चेहरा उजळेल असं मला वाटत होतं. तो दगडासारखा झाला.

"पोचले व्हय," ती म्हणाली. "मग घरी का आले न्हाईत?"

दाजींवर चिडलेली आक्का मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मी पुष्कळ समजावलं, नकाशे दाखवले, हातापाया पडलो. काही उपयोग झाला नाही. त्या दिवसापर्यंत ती विधवा होती. पुढं मरेपर्यंत ती नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून जगली.