पापणी न लवणारी मावसबहीण

दगडांनीसुद्धा गुरू करावं अशी माझी मावसबहीण आहे. परदेशातल्या एका चॅनेलवर ती इंग्रजीतून अख्ख्या जगाला बातम्या देते, आणि राज्यं उलथोत की जमीन हादरो, तिची पापणी लवत नाही. हे तिचं लहानपणापासूनच. शाळेत असताना एकदा दारात उभं राहून तिनं सांगितलं, "आजोबा जिन्यावरून पडले आहेत, शुद्धीवर आहेत, चहा मागत आहेत." आजोबांच्या पडण्यापेक्षा तिच्या त्या आवाजानंच आमची बोबडी वळली. आता सुट्टीत बडोद्याला आली की मांडवीतल्या साडीवाल्याची ती मुलाखतच घेते. भाव पाडताना हसत नाही, रागावत नाही. "माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही," एवढंच शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणत राहते. शेवटी तो बिचारा "लई जाओ, बेन" म्हणून हात जोडतो आणि तिच्या भावात साडी देतो.

तिची आई, म्हणजे माझी मावशी, बडोद्यातच सुभानपुऱ्यात एकटी राहते. इंग्रजीचा तिला गंध नाही, पण लेकीचं एकही बातमीपत्र ती चुकवत नाही. संपल्या संपल्या फोन करून केस कपाळावर येत होते म्हणून सांगते, आणि एवढी नामांकित निवेदिका दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं केस मागे घेऊन बसते.

परवाच्या पुरात मात्र मी हादरलो. विश्वामित्री नदीचं पाणी मावशीच्या घरात शिरलं. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवरून मी तिला माझ्या घरी आणलं, पण सगळ्यांचे फोन बंद. लेकीला कळवणार कसं? दुपारी टीव्ही लावला, तर ती बडोद्याचाच पूर सांगत होती. पडद्यावर मावशीची सोसायटी, गेटपर्यंत बुडालेली. आई जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसताना ही बाई त्याच सुरात ती बातमी संपवून क्रिकेटकडे वळली, आणि चक्क हसली. मी सुन्न झालो. काळीज आहे का हिला, असं तोंडून निघूनही गेलं.

मावशीनं पडद्यावरून नजर काढली नाही. "कालपासून जेवलेली नाही ती," म्हणाली.

संध्याकाळी फोन लागला, तसा मी तो मावशीच्या हातात दिला. "मी आहे गं, दीकरा," मावशी म्हणाली. पलीकडून जो हुंदका ऐकू आला, तो तिचा आहे यावर माझा विश्वास बसेना. घाबरून मी फोन घ्यायला हात पुढे केला, तर मावशीनं माझा हात बाजूला सारला.

"रडू दे," ती म्हणाली. "तिकडे कुणापुढे रडणार ती?"