सोडलेले चेंडू

काल वसतिगृहात शेजारच्या खोलीतली मुलगी नव्या बॅटला जवसाचं तेल लावत होती. त्या वासाने मी थेट धुळ्याच्या मैदानावर पोहोचले. तेव्हा मी सातवीत होते. माझा मोठा भाऊ विभागाच्या निवड सामन्यात सलामीला उतरला होता. कसोटी खेळायची, हे त्याने घरी कधीच सांगून टाकलं होतं. ही त्याची पहिली पायरी.

पारोळ्याहून मी आणि वडील, आमचे आबा, एसटीने गेलो होतो. आबांनी तोवर गावातले टेनिस बॉलचे, प्रत्येक चेंडू फटकावायचे सामनेच पाहिले होते. भाऊ मात्र बॅट वर उचलून एकामागून एक चेंडू सोडत होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत धावा अकरा. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, झोप लागनी का?" मी लाजेने मान खाली घातली.

सुट्टीत आबा तडक निवड करणाऱ्या साहेबांसमोर गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, पोऱ्याले बॉल दिखस नही वाटस. डोया डॉक्टरले दखाडी लेस मी. पन त्यानं नाव काटू नका."

साहेब हसले नाहीत. "आबा, कुठला चेंडू सोडायचा, ते आज इथे सगळ्यात चांगलं त्यालाच दिसतंय."

आबा परत येऊन बसले आणि दुपारभर बघत राहिले. त्यांना तेव्हा नेमकं काय दिसू लागलं असेल, याचं मला आता फार कुतूहल वाटतं.

भाऊ आज राज्याकडून खेळतो. कसोटीचं बोलावणं अजून आलेलं नाही. सामना संपला की आबा त्याला फोन करतात. धावा विचारत नाहीत.

"आज कितला बॉल सोडात रे?"