ऊर्मिलाताईंची यादी

एश्बॉर्नला कुणी जेवायला जात नाही, असं फ्रँकफर्टचे लोक म्हणतात. इथे माणसं कामाला येतात, काचेच्या इमारतींत दिवसभर बसतात आणि संध्याकाळी एस-बानची लोकल पकडून शहरात परत जातात. म्हणोत बापडे. ऊर्मिला परचुरेने बारा वर्षांत याच गावात सहा ठिकाणं शोधून काढली होती, जिथे शाकाहारी माणूस पोटभर जेवून, न रडता घरी येऊ शकतो.

रडण्याची गोष्ट खरी आहे. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात तिने ‘मांस नको’ असं नीट सांगून परतलेले बटाटे मागवले, आणि तिसऱ्या घासाला दाताखाली डुकराच्या चरबीचा तुकडा आला. वाढणारी बाई चकित होऊन म्हणाली, हे कुठे मांस, हे तर श्पेक! इथे बऱ्याच जणांच्या लेखी श्पेक मांसात मोडतच नाही. ऊर्मिला घरी येऊन अर्धा तास चुळा भरत होती. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती प्रत्येक हॉटेलच्या स्वयंपाकघरात डोकं घालून चौकशा करू लागली आणि यादी लिहू लागली.

यादी अशी. ‘फुटबॉलच्या मैदानाशेजारी मारियाबाईंचं हॉटेल. उकडलेले बटाटे आणि हिरवा सॉस. सॉसमध्ये सात प्रकारचा पाला असतो, चव कोथिंबिरीच्या चटणीत दही कालवल्यासारखी. अंडी नको म्हणावं. स्टेशनच्या बोगद्याजवळ तुर्की इम्बिस, म्हणजे टपरी. मसुराचं सूप. लिंबू दोनदा मागावं, लाजू नये. बँकेच्या मागे तान यांचं व्हिएतनामी दुकान. टोफू आणि शेवया. फिश सॉस नको म्हणावं. तान हसत नाहीत, पण माणूस चांगला.’ असं सहाव्या नंबरापर्यंत. आणि प्रत्येक ठिकाणाखाली एकच ओळ: ‘म्हणायचं वाक्य: ओने श्पेक, बिटे. आबर विर्क्लिश ओने. म्हणजे श्पेकशिवाय, पण अगदी खरंच शिवाय. दुसरं वाक्य हसून म्हणावं.’

पुण्याहून कुणी नवीन आलं की ती ही यादी पाठवायची. तिचा नवरा वासुदेव बँकांची सॉफ्टवेअर तपासणाऱ्या एका कंपनीत होता. मुलखाचा अबोल माणूस. या सगळ्या शोधमोहिमेत त्याचं काम एवढंच, की छत्री धरायची आणि समोर बसून जेवायचं. ते त्याने बारा वर्षं मन लावून केलं.

गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात ऊर्मिला पुण्याला बहिणीकडे गेली आणि तिथेच वारली. चहा ठेवून खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. वासुदेव धावत गेला, दिवसवार करून तीन आठवड्यांनी परत आला. ऑफिसात सगळ्यांना कळलं होतं. मराठी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येऊ लागली, तसा तो ग्रुपमधूनच बाहेर पडला.

परतल्यावर पहिल्या गुरुवारी घरात जेवण घशाखाली उतरेना, म्हणून तो मारियाबाईंकडे गेला. ग्लास पुसता पुसता त्यांनी सहज विचारलं, “बायको अजून इंडियातच?”

“हो,” वासुदेव म्हणाला. अस्थी तिकडच्याच नदीत सोडल्या होत्या. तेव्हा ते धड खोटंही नव्हतं.

“मग कधी येणार?”

“मार्चमध्ये.”

हे मात्र खोटं होतं. ते बोलल्यावर त्याला तीन आठवड्यांत पहिल्यांदा भूक लागली आणि त्याने ताट स्वच्छ केलं. आता हे चूक की बरोबर, ते तुम्ही-आम्ही कोण ठरवणार? त्याने तो मार्च सहाही ठिकाणी नेला. घरात ऊर्मिला मेलेली होती, ऑफिसात मेलेली होती, पण एश्बॉर्नच्या सहा खाणावळींत ती पुण्याला बहिणीकडे होती. तिचे गुडघे दुखत होते. तिकडे फार उकडतंय अशी तिची तक्रार होती. तो मार्च आला आणि गेला, तेव्हा बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि परतणं पुढच्या मार्चवर गेलं. कुणाला काय सांगितलंय ते तो नीट लक्षात ठेवायचा. हे सगळं जर्मनमध्ये चाललं होतं. मराठीत तो हे खोटं एकदाही बोलला नव्हता, आणि मराठीत बोलायला तसं कुणी उरलंही नव्हतं. मुलगी ईप्सिता हेर्त्सोगेनआउराखला नोकरीला. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी तो मैदानाजवळच्या हॉटेलात शिरला, तर मारियाबाई हात पुसत बाहेरच आल्या.

“अहो, हे बरं नाही हं! बायको आली आणि तुम्ही बोललासुद्धा नाहीत?”

“कोण आली?”

“काल दुपारी आली होती की. मी आत कढईपाशी होते, बाहेर येईपर्यंत पार्सल घेऊन निघून गेली. पण आवाज ओळखत नाही होय मी? ओने श्पेक, आबर विर्क्लिश ओने! आणि बटाटे, हिरवा सॉस, अंडी नको. दुसरं कोण असणार?”

तो न जेवताच बाहेर पडला. सरळ घरी जायचं, ते तो बोगद्याकडे वळला. तुर्की इम्बिसवाल्याने त्याला पाहून आपणहून हात वर केला. “फ्राऊ परचुरेंचा फोन आला होता ना दुपारी! सूप, दोन लिंबं, आणि ते श्पेकचं वाक्य. माझा भाचा देऊन आला ऑफिसांकडच्या नाक्यावर. तब्येत कशी आहे त्यांची?”

“बरी आहे,” वासुदेव म्हणाला.

काल एक नंबर, आज दोन नंबर. ती यादीच्या क्रमाने येत होती.

संध्याकाळी त्याने ईप्सिताला फोन केला. “आई आली होती म्हणतात गं,” तो म्हणाला. मग ती हळूच म्हणाली, “बाबा, झोल इश कोमेन?” मी येऊ का, एवढंच. तो नको म्हणाला. मुलगी आली तर आई यायची नाही, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

तो वेडा झाला नव्हता. माणूस मेल्यावर सूप मागवत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तरीही गुरुवारी आणि शुक्रवारी तो तीन नंबरच्या दुकानात, तानकडे, दुपारभर बसून आला. शनिवारी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुन्हा जाऊन बसला. दाराकडे पाठ करून. समोरून बघायचा धीर नव्हता. ती आलीच तर तिच्याशी काय बोलायचं? मार्चमध्ये येणार होतीस, लवकर आलीस, असं?

एकच्या सुमारास दार उघडलं. गार वारा मानेला लागला. मागे गल्ल्यापाशी कुणी तरी टोफू आणि शेवया मागितल्या, फिश सॉस नको म्हटलं, आणि मग:

“ओने श्पेक, बिटे. आबर विर्क्लिश ओने.”

दुसरं वाक्य हसत. व्हिएतनामी दुकानात श्पेक असतोच कुठे? पण ऊर्मिला तिथेही म्हणायचीच. जगात दुसरं कुणीही हे तिथे म्हणालं नसतं. वासुदेवने टेबलाची कड घट्ट धरली आणि वळून पाहिलं.

चाळिशीची एक बाई. लोकरी टोपी, टिकली, मोबाइल अगदी नाकाशी धरलेला. त्यातून वाचून ती बोलत होती.

“तुम्ही... मराठी?” त्याला एवढंच सुचलं.

“अय्या, हो! मी नीलिमा. दोन आठवडे झाले पुण्याहून येऊन.” ती आनंदाने समोरच येऊन बसली. “तुम्ही पण यादीवरून आलात का काका? कंपनीतल्या कुणी तरी फॉरवर्ड केली मला. ऊर्मिलाताईंची यादी. अहो, ती नसती तर मी नुसत्या ब्रेडवर मेले असते. मी रोज एकेक नंबर घेत होते, मग दोन दिवस तापच आला. मला भेटायचंय हो त्यांना. नंबर कुणाकडेच नाही. तुम्ही ओळखता?”

“माझी बायको.”

“काय सांगता! कुठे असतात त्या?”

“पुण्याला. बहिणीकडे.” चौदा महिन्यांची सवय. शब्द आपोआप आले, फक्त या वेळी मराठीत आले.

“मग येणार कधी? मी मेतकूट आणलंय, डबा फोडतच नाही आता. त्या आल्या की दोघी मिळून गुरगुट्या भात करून खाऊ. थांबते मी, चालेल.”

मार्च त्याच्या जिभेवर आला होता. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला कळलं, की ही बाई खरोखर थांबेल. डबा न फोडता, दिवस मोजत थांबेल. आणि असं थांबणं कसं असतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? इतके दिवस त्याला वाटत होतं, आपण लोकांना फसवतोय. लोक कुठे थांबले होते? थांबला होता तो एकटाच.

“ती वारली, नीलिमा,” तो म्हणाला. “चौदा महिने झाले. मार्चमध्ये येणार नाही. कधीच येणार नाही.”

आणि मग तो सगळ्या दुकानासमोर, साठीचा माणूस, ढसाढसा रडला. तान गल्ला सोडून धावत आला. काय झालं, असं त्याने विचारलं, तेव्हा वासुदेवने तेच जर्मनमध्ये सांगितलं. तान खुर्ची ओढून तिथेच बसला, आणि गल्ल्यापाशी गिऱ्हाइकं थांबली तरी उठला नाही. ऊर्मिला पुण्यात एकदा गेली होती, आता बँकेमागच्या दुकानात पुन्हा गेली.

बाहेर आल्यावर वासुदेवने डोळे पुसले. अजून पाच ठिकाणं राहिली होती, आणि आजच सांगितलं नाही तर पुन्हा धीर व्हायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो बोगद्याकडे निघाला.

“काका, एकटे नका जाऊ,” नीलिमा मागून आली. तिचेही डोळे लाल झाले होते. “मी येते तुमच्याबरोबर.”

तो थांबला. तिच्या टिकलीकडे, टोपीखालून आलेल्या वेणीकडे त्याने क्षणभर पाहिलं.

“नको,” तो म्हणाला. “आपण दोघं दारात दिसलो, की तीच आली असं वाटून ते हसत पुढे येतील. मग मला सांगता यायचं नाही.”