हरला तो उठला

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्द साधे असतील, तेवढं सांभाळून घ्या. बायको शिक्षिका आहे. ती म्हणाली, "द्या, तपासून देते." पण तिने लाल पेन काढला आणि मी वही मागे घेतली.

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात माझं गेम पार्लर आहे. काउंटरखाली एक खोका ठेवलाय, त्यात गेम खेळायचे बिघडलेले रिमोट पडतात. प्रत्येकात एखादं बटण तरी चांगलं असतं, म्हणून फेकवत नाही. किस्स्यांचंही तसंच झालं. आम्ही दोघं जर्मनीला जाऊन आलो तेव्हापासून चहाच्या गाडीवर रोज एकेक सांगतोय, तरी खोका भरलेलाच. शेवटी मित्र म्हणाले, "किशोरभाऊ, लिहून काढ एकदाचं. दरवेळी वेगळंच सांगतो तू!"

वेगळं नाही सांगत. लाजतो म्हणून अर्धं सांगतो.

*

सुरुवात लग्नाच्या बायोडेटापासून करावी लागेल. माझ्या मामांनी त्यात लिहिलं होतं, 'व्यवसाय: इलेक्ट्रॉनिक मनोरंजन.' शाहपूरचं स्थळ या एका ओळीवर आलं.

साखरपुडा झाल्यावर सासरे दुकान बघायला आले. आत चार टीव्ही, खाली चटई, आणि पॉवरलूमवर पाळी संपवून आलेले सात-आठ जण कुस्तीच्या गेमवर ओरडत होते. सासरे दारातच उभे राहिले.

"हे मनोरंजन का?"

"हो."

"आणि इलेक्ट्रॉनिक कुठंय?"

मी टीव्हीकडे बोट दाखवलं.  ते चहा न घेता गेले.

त्यांची शाहपुरात केळीच्या रोपांची एजन्सी आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, प्रत्येक भेटीत एकच वाक्य. "जावईबापू, शटर खाली करा अन् माझ्या गादीवर बसा. रोपं कोणाची पोरं बिघडवत नाहीत."

वैशाली, म्हणजे आमची ही, अकरावी-बारावीला गणित शिकवते. ती दोन वर्षांत दुकानाची पायरी चढली नव्हती. "माझ्या वर्गातली मागची बाकं तुमच्याकडे बसलेली असतात. मी तिथे कोणत्या तोंडाने येऊ?"

मी म्हटलं, "शाळेच्या वेळेत मी कोणालाच घेत नाही."

"मी गृहपाठाच्या वेळेबद्दल बोलतेय!"

 

*

वैशालीचा मोठा भाऊ नितीनदादा जर्मनीत एका गोदामात सुपरवायझर आहे. त्याला मुलगा झाला. सासूबाईंचे गुडघे विमानापर्यंत जाईनात, म्हणून बारशाला आम्हां दोघांना पाठवायचं ठरलं. सोबत डिंकाचे लाडू, झबली, टोपडी आणि चार किलो दराबा, आमच्या बुऱ्हाणपूरची मिठाई.

नितीनदादा फोनवर म्हणाला, "जिजाजी, त्याच आठवड्यात इथे गेमची मोठी जत्रा असते. दुनियाभरातून लोक येतात. तुमची दोन तिकिटं काढतो."

फोन स्पीकरवर होता. सासऱ्यांनी ऐकलं. हातातला पानाचा डबा खाली ठेवला.

"जा. अवश्य जा. वैशू, तू डोळे उघडे ठेवून बघ. शिकलेसवरलेले लोक या लाइनीत दिसले तर मी परत एक शब्द बोलणार नाही. अन् तिथंही शाळा सोडलेलीच मंडळी निघाली, तर आल्याबरोबर शटर खाली. मंजूर?"

वैशाली म्हणाली, "मंजूर."

मला कोणी विचारलं नाही. मी दराबा पॅक करत होतो.

एक गोष्ट सांगून ठेवतो. वैशाली खोटं बोलत नाही. तिने स्वतःच्या चुलतभावाला गणितात दोन मार्कांनी नापास केलंय.

*

मुंबईच्या विमानतळावर काचेमागच्या साहेबांनी माझा पासपोर्ट चाळला. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर एक वेगळा शिक्का असतो, तो माझ्यावर आहे. त्यांनी शिक्का बघितला, मला बघितलं.

"काम काय करता?"

"गेम."

"खेळता?"

"नाही साहेब. खेळवतो."

साहेबांनी पेन खाली ठेवला.  आता कोणाला खेळवतो, कसं खेळवतो, हे सगळं सांगावं लागणार होतं. तेवढ्यात वैशाली पुढे झाली.

"सर, हे माझ्यासोबत आहेत."

त्यांनी लगेच शिक्का मारला. सामानाच्या पट्ट्यावर बॅग सोडताना तिने हेच वाक्य याच आवाजात बॅगेबद्दलही सांगितलं होतं.

*

जत्रा म्हणजे काय सांगू! आपल्या केळीच्या मंडीसारखे मोठमोठे हॉल, एकातून दुसऱ्यात. केळी तेवढी नाहीत.

पहिल्याच स्टॉलवर मऊ गालिचा, वर टीव्ही, समोर बसायला गाद्या. मी सवयीने बूट काढून कडेला जोडीने ठेवले. माझ्या दुकानात हा पहिला नियम आहे. गेमची जागा आहे, तिथे पायाची धूळ चालत नाही. वैशालीनेही काढले, कारण गालिचा दिसला की ती काढतेच.

आमच्या मागे एक उंच मुलगा होता. त्याने आमचे बूट बघितले, विचार केला आणि स्वतःचे काढले. त्याच्या मागच्या दोघींनी काढले. आम्ही खेळून परत आलो तेव्हा गालिच्याच्या कडेला बुटांची लांब रांग होती आणि स्टॉलवाला माणूस प्रत्येकाला हाताने खूण करून बूट काढायला सांगत होता. एकाने काढले नाहीत, तर त्याला ओरडला!

आमचेच बूट शोधायला दहा मिनिटं गेली.

*

तिथे लोक गेममधल्या पात्रांचे कपडे करून येतात. सैनिक, भुतं, राजे, शिंगवाल्या बाया. एक लोखंडी योद्धा आमच्या शेजारी उभा होता. जवळून बघितलं तर लोखंड पुठ्ठ्याचं होतं. त्याच्या खांद्याचं कवच सुटून लोंबत होतं आणि तो रडवेला झाला होता.

वैशालीच्या बांगडीत नेहमी सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. तिने एक काढली.

"सरळ उभा राहा," ती मराठीत म्हणाली.

योद्धा सरळ उभा राहिला. त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण तो आवाज ऐकून बारावी 'ब'सुद्धा सरळ उभी राहते.

पीन लागली, कवच बसलं. मागे वळून बघतो तर एक परी फाटका पंख घेऊन उभी. तिच्यामागे दोन भुतं. वैशालीने सगळ्यांना ओळीत लावलं. बांगडीतल्या पिना संपल्या, मग पर्समधल्या संपल्या. शेवटी तिने पदराची पीन काढून एका राक्षसाची शेपटी बसवली आणि दिवसभर पदर हातात धरून फिरली.

जाताना राक्षसाने विचारलं, "तुमचा पोशाख कोणत्या गेमचा?"

ती म्हणाली, "शाहपूर."

त्याने मान डोलावली. म्हणाला, फार नाव ऐकलंय.

*

एका नव्या गेमसाठी तीन तास रांग होती. एकेकाला वीस मिनिटं खेळायला देत होते. आम्ही उभे राहिलो. केळीचे वेफर्स संपले. वैशालीने पुढच्या मुलीला टक्केवारी समजावली. पाय सुजले. अखेर माझा नंबर आला. आयुष्यात पहिल्यांदा असा पडदा बघत होतो, अख्खी भिंत!  समोरच्याने मला चाळीस सेकंदांत हरवलं.

मी उठलो. रिमोट मागच्याच्या हातात दिला आणि चालू लागलो.

स्टॉलवरची मुलगी मागे धावत आली. इंग्रजीत काहीतरी बोलत होती, घड्याळ दाखवत होती. वैशालीने सांगितलं, "अहो, ती म्हणतेय तुमची एकोणीस मिनिटं शिल्लक आहेत. परत बसा."

"कसं बसू? हरलो ना."

"मग?"

"हरला तो उठतो."

"हा कोणता नियम?"

"दुकानातला. भिंतीवर लिहिलाय. 'चप्पल बाहर. गाली नहीं. हारा वो उठा.'"

 "सगळ्यांना हाच?"

"सगळ्यांना."

"नगरसेवकाच्या पोरालाही?"

"तो तर सगळ्यात जास्त वेळा उठतो."

तिने पदर दुसऱ्या हातात घेतला. थोडं चालल्यावर म्हणाली, "आमच्या शाळेत असा एकही नियम नाही."

एवढंच. मला वाटलं रागावली. मी पाण्याची बाटली आणून दिली.

*

शेवटचा हॉल जुन्या मशीनचा होता. वीस-तीस वर्षांपूर्वीची मशीनं, कॅसेटवाली. एका मशीनपुढे सत्तरीचे एक आजोबा, गळ्यात ओळखपत्र, पडद्यावर 'बंद'ची चिठ्ठी चिकटवत होते. मी वाकून बघितलं आणि हळूच वैशालीला म्हटलं, "कॅसेटचे दात काळे पडलेत. दोन मिनिटांचं काम आहे."

मी हे फक्त तिला सांगितलं होतं. ती आजोबांना मोठ्याने इंग्रजीत म्हणाली, "माझे मिस्टर करून देतील."

आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे कान गरम झाले. दोन वर्षांत तिने चार लोकांसमोर माझ्या कामाचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. पळायची सोय नव्हती, बूट परत काढलेले होते.

मला खोडरबर लागणार होतं. ते शिक्षिकेच्या पर्समध्ये निघालं. कॅसेट हातात घेतली, तांब्याचे दात एकेक करून घासले, फडक्याने पुसले, आत सरकवली. नमस्कार करून बटण दाबलं. पडदा लागला, गाणं वाजलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि वैशालीला विचारलं, "हे कुठे शिकले?"

 ती खोटं बोलत नाही.

ती म्हणाली, "सिंधीपुऱ्यात."

आजोबांनी खिशातून वही काढून लिहून घेतलं. अक्षरं विचारून विचारून घेतलं. मी सुटलो असं वाटलं. पण शिक्षिका ती शिक्षिकाच, तिने उलटा प्रश्न विचारला.

"आणि आपलं शिक्षण?"

आजोबा छाती काढून हसले. म्हणाले, "मी? मी चौदाव्या वर्षीच शाळा सोडली. आमच्या जुन्या मशीनवाल्यांच्या टोळीतल्या सगळ्यांनीच!"

झालं! दुकान गेलं.

*

बारसं आटोपून शनिवारी बुऱ्हाणपूरला पोचलो. रविवारी सकाळी सासरे शाहपूरहून आले ते थेट दुकानावर. वैशालीला फोन करून तिथेच बोलावून घेतलं. म्हणाले, "शटर खाली करायचं तर शटरपाशीच बोललं पाहिजे."

आत सलीमभाई लूमवाले आणि आणखी तिघं खेळत होते. सासरे बुटासकट चटईवर आले.

"बोल वैशू. काय बघितलं? खरं खरं."

वैशालीने पायरीखाली चपला काढल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा दुकानात पाय ठेवला. वडिलांच्या पायांकडे बघितलं.

"आधी बूट बाहेर, बाबा."

"काय?"

"भिंतीवर लिहिलंय."

सासऱ्यांनी भिंत वाचली. बाहेर जाऊन बूट काढून आले.

"आता बोल."

"शाळा सोडलेली मंडळी निघाली, बाबा. तिथल्या सगळ्यात हुशार माणसानेही शाळा सोडली होती."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग? आता काय राहिलं?"

"एक डाव राहिला. ज्या दुकानाला कुलूप लावायचं, तिथे एकदा बसून तर बघा."

सासरे हसले. चटईवर मांडी घालून बसले. सलीमभाईंनी दुसरा रिमोट उचलला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना विचारायचं होतं, हरायचं का? मी काहीच खूण केली नाही. वैशाली बघत होती.

अर्ध्या मिनिटात सासऱ्यांचा पैलवान आखाड्याबाहेर पडला.

 सासऱ्यांनी रिमोट घट्ट धरला होता. "बटण चाललं नाही. परत लाव."

सलीमभाई चुळबुळले. "मामा, वो... नियम है..."

"मी जावयाच्या दुकानात बसलोय!"

 नगरसेवकाच्या पोराला मी सांगू शकतो. सासऱ्यांना कसं सांगणार? चारही टीव्ही थांबलेले, सगळे माझ्याकडे बघतायत.

"उठा, बाबा," वैशाली म्हणाली. पुठ्ठ्याच्या त्या योद्ध्याला म्हणाली होती त्याच आवाजात.

सासरे उठले. रिमोट मागच्याच्या हातात दिला. बूट घातले, बसस्टँडकडे गेले.

वैशाली तिथेच चटईवर बसली. "माझा नंबर कधी?" तिने विचारलं.

सोमवारी मी रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी दुकानावर गेलो. शटर बंदच होतं. पायरीखाली सासऱ्यांचे बूट जोडीने काढून ठेवलेले होते आणि ते अनवाणी पायरीवर बसले होते. शाहपूरची पहिली बस पकडून आले असावेत.

"या," ते म्हणाले.

मी कुलूप काढलं, शटर वर केलं, आणि खोक्यातल्या चार रिमोटांची चांगली बटणं काढून त्यांना एक रिमोट बनवून दिला.